घरातले नकोसे वास आणि आपल्याकडची पानं-साली-मुळं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की हे प्रश्न सुरू होतात. कपाट कुबट वास मारतंय, माशाचं भांडं तीनदा घासलं तरी हात लावला की वास, बाथरूममध्ये सकाळी सकाळी गटाराचा दर्प. मी मालवणकडची, लग्नानंतर डोंबिवलीत, म्हणजे मासे आणि दमट हवा दोन्हीकडे माझ्यासोबत आहेतच, आणि गेली कित्येक वर्षं बाजारातले स्प्रे न वापरता घर चालवतेय. जे करून बघितलं, जे चाललं आणि जे चाललं नाही ते सगळं खाली लिहिलंय.

प्रश्न: सगळ्या वासांवर चालेल असा एकच घरगुती उपाय सांगा ना.

असा एक उपाय नाही, आणि तो शोधण्यातच सगळी गडबड होते. आपल्या भाषेत बघा वासाला किती शब्द आहेत, माशाचा वशट, ओल्या कपड्याचा कुबट, बंद खोलीचा कोंदट, शिळ्या अन्नाचा आंबूस, जुन्या तेलाचा खवट, जळलेल्याचा करपट. आपल्या आज्यांनी हे शब्द उगाच वेगळे ठेवले नाहीत, प्रत्येक वासामागचं कारण वेगळं आहे म्हणून शब्द वेगळे. वशट असेल तर आंबट लागतं. कुबट असेल तर कोरडं करावं लागतं. खवट असेल तर तेल काढावं लागतं, म्हणजे बेसन, रिठा, गरम पाणी. आणि कोंदटाला फक्त खिडकी लागते. सुगंधाचा नंबर सगळ्यात शेवटी, आधी वासाचं मूळ जायला हवं, मग वाळा ठेवा नाहीतर बकुळीची फुलं ठेवा. तेव्हा पहिलं काम, वासाला नाव द्या.

प्रश्न: मासे साफ केल्यावर हाताचा वास साबणाने जात नाही, काय करू?

आमसुलं. चार-पाच आमसुलं कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, त्या पाण्यात हात चोळायचे, नखांच्या कडांना आमसूलच घासायचं आणि मग साबण लावायचा. घरात आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) असेल तर भिजवायचीही गरज नाही, चमचाभर हातावर घ्या. चिंचेचा कोळ, लिंबाची पिळून झालेली फोड, कैरीची साल, यातलं काहीही चालतं.

हे का चालतं ते समजून घ्या म्हणजे मग कुठेही वापरता येईल. समुद्राच्या माशात एक घटक असतो ज्याला स्वतःला वास नसतो, पण मासा मेल्यावर जिवाणू त्याच्यापासून ट्रायमिथाइलअमाइन नावाचा वायू बनवतात आणि तोच तो वशट वास. हा पदार्थ अल्कलीच्या बाजूचा आहे, त्याला आम्ल भेटलं की त्याचा क्षार (मिठासारखा पदार्थ) बनतो, क्षार हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत येत नाही. म्हणजे आमसुलाने वास झाकला नाही, त्याची उडायची सोयच काढून टाकली. साबण स्वतः अल्कलीच्या बाजूचा असतो म्हणून नुसत्या साबणाने वास उलट जास्त जाणवतो, क्रम लक्षात ठेवा, आधी आंबट आणि मग साबण.

माशालाही तेच. साफ केलेल्या तुकड्यांना मीठ, हळद आणि आगळ किंवा लिंबू लावून पंधरा मिनिटं ठेवतो ना आपण, ते चवीसाठी तर आहेच पण वासासाठी जास्त आहे. रोहू, कटला अशा गोड्या पाण्याच्या माशांचा वास वशट कमी आणि मातकट जास्त असतो, तोही आंबटाने कमी होतो, चिंच जरा सढळ हाताने घाला.

प्रश्न: मुशीला (छोट्या शार्कला) नेहमीच्या माशापेक्षा वेगळाच झोंबणारा वास येतो, खराब असते का ती?

बऱ्याचदा खराब नसते. मुशीच्या मांसात युरिया भरपूर असतो आणि तो फुटला की अमोनिया तयार होतो, म्हणून तो नाकात जाणारा वास. हलका असेल तर आंबट पाण्यात अर्धा तास ठेवून धुवा, वाटणात तिरफळं घाला. आमच्याकडे बांगडा आणि मुशी तिरफळाशिवाय कोणी करत नाही. तिरफळाची बी काढून टाकायची, वास आणि झणका सालीत असतो, आणि ती ठेचून रस्सा उकळताना शेवटी टाकायची. पण डोळ्यात पाणी येईल इतका उग्र वास असेल तर घेऊच नका, तिथे तिरफळ काही करणार नाही.

प्रश्न: मग लिंबू सगळीकडे चोळलं तर चालेल का?

नाही नाही, हे नीट वाचा. माझ्या पहिल्या स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा होता, काळाभोर, सुंदर. सुरमई कापली त्या जागेचा वास जाईना म्हणून लिंबू चोळून ठेवलं आणि म्हटलं जरा मुरू दे, अर्ध्या तासाने पुसलं तर वास गेलेला पण तेवढ्या जागेवर पांढुरका भुरकट डाग, हात फिरवला तर खरखरीत. पुढे आठ वर्षं तो डाग तसाच होता, तेल लावलं की दोन दिवस लपायचा आणि परत दिसायचा. कडप्पा, शहाबादी फरशी, संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, आम्ल त्यांना खातं. त्यांच्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर, बायोएन्झाइम (गूळ आणि फळांच्या साली आंबवून केलेलं घरगुती क्लीनर, कृती खाली आहे) काहीच नको, तिथे बेसन किंवा तांदळाचं पीठ ओलं करून लावा आणि पुसून घ्या. ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल्सवर लिंबू चालतं, तरी लगेच धुवा.

आणि ब्लीच किंवा ॲसिड-फिनेल वगैरे टाकलेल्या जागेवर लिंबू किंवा व्हिनेगर कधीच टाकू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न: मासे तळले की दोन दिवस घराला वास, पाहुणे यायचे असतात, झटपट काय?

तळताना तेलाचे बारीक कण उडतात आणि ते पडद्यावर, उशांच्या अभ्र्यावर, केसांवर जाऊन बसतात, वास तिथूनच येत राहतो. म्हणून तळायच्या आधी बेडरूमचं दार बंद आणि पडदे वर, एक्झॉस्ट तवा तापायच्या आधीच सुरू. झाल्यावर तवा लगेच धुवायचा, सिंकमध्ये ठेवून जेवायला बसायचं नाही. गॅसच्या मागची भिंत बेसनाच्या पाण्याने किंवा रिठ्याच्या पाण्याने पुसायची (रिठ्यात सॅपोनिन असतं, ते तेल सोडवतं).

हे सगळं केल्यावर मग एका पातेल्यात लिंबा-संत्र्याच्या साली, दालचिनीचा तुकडा, दोन तमालपत्रं, तीन-चार लवंगा टाकून मंद आचेवर वीस मिनिटं उकळत ठेवा. गवती चहा असेल तर तोही, फार छान वास येतो. पण भांडी तशीच ठेवून फक्त हे पातेलं उकळलं तर मसाल्याचा आणि माशाचा असा एकत्र वास येतो आणि तो मला तरी नुसत्या माशापेक्षा वाईट वाटतो.

प्रश्न: पावसाळ्यात कपडे धुतलेले असूनही वास का मारतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कपडा हळू वाळतो, त्या ओलीत जिवाणूंना वेळ मिळतो आणि घामाचे, तेलाचे जे अंश धाग्यात उरलेले असतात त्यांच्यावर ते वाढतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की या कुबट वासाला मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू मुख्यतः कारण आहे. याला वाळवलं तरी तो सहज मरत नाही, म्हणून होतं काय की कपडा वाळल्यावर वास गेला असं वाटतं आणि अंगात घालून थोडा घाम आला की परत वास.

त्यामुळे वरून अत्तर मारून काही होत नाही. ज्या टॉवेलला, बनियनला असा वास चिकटलाय तो साठ अंशाच्या आसपासच्या गरम पाण्यात भिजवा (सुती असेल तरच, रेशमी-लोकरी नको), रिठ्याच्या पाण्यात किंवा नेहमीच्या पावडरीत धुवा, पावडर कमी टाका कारण जास्त टाकलेली नीट निघत नाही आणि तीच पुढे जिवाणूंचं खाणं होते. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी उसाचं व्हिनेगर. मशीनमधून झाल्या झाल्या काढा, दोन तास आत राहिले की पुन्हा पहिलेपासून. घरात वाळत घालताना दोन कपड्यांच्या मध्ये चार बोटं जागा आणि खाली पंखा, एवढ्यानेच निम्मं काम होतं. आमच्या सासूबाई अजूनही जाड कपड्यांना शेवटी इस्त्री फिरवून मगच घडी घालतात, मला आधी वाटायचं कशाला एवढं, आता मीही तेच करते.

प्रश्न: कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवतात त्याने वास जातो का?

पाल्याने कसर, किडे लांब राहतात, कुबटपणा मात्र जात नाही. ओलसर पाला ठेवलात तर उलट वाढेल. पाला सावलीत चुरचुरीत होईपर्यंत वाळवा, मलमलच्या पुरचुंडीत बांधा, दर पावसाळ्याआधी बदला.

कुबटपणासाठी आधी ओल शोधा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलंय का? असेल तर हातभर नाही तरी चार बोटं पुढे ओढा, मागे हवा फिरली पाहिजे. सगळे कपडे काढा, कोरड्या फडक्याने पुसा, आतून बुरशीचे ठिपके असतील तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसून पंखा लावून दिवसभर उघडं ठेवा. लाकूड पूर्ण कोरडं झाल्याशिवाय कपडे परत ठेवायचे नाहीत.

हे झालं की मग सुगंधाची मजा. वाळ्याची मुळं, नागरमोथा, थोडा कचोरा भरड कुटून सुती पिशवीत, हे तेच जिन्नस जे दिवाळीच्या उटण्यात जातात आणि वर्षभर वास धरतात. वाळ्याची एक गंमत म्हणजे फिका पडला की त्याच्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले की परत दरवळतो, पण हे कपाटाबाहेर करा आणि वाळवून मग आत ठेवा. आणि बकुळ. फुलं सुकून तपकिरी झाली तरी तिचा वास जात नाही, माझ्या आजीच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीत बकुळीचा एक गजरा होता, दोऱ्यात नुसत्या खडबडीत चकत्या उरलेल्या, आणि ट्रंक उघडली की आधी बकुळ आणि मग जुन्या रेशमाचा वास. केवड्याचं पानही ठेवतात, पण ते काटेरी असतं, साडीला अडकतं, कागदात गुंडाळून ठेवा.

प्रश्न: कापूर तर झाडाचाच असतो ना, मग कपाटात, बाथरूममध्ये ठेवला तर काय हरकत?

कापराचं झाड आहे खरं, पण आज देवापुढे जाळायला मिळणारा बहुतेक कापूर कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतो, टर्पेंटाइन पाइनच्या झाडाचं म्हणजे दूरचं नातं आहे एवढंच. पाकिटावर भीमसेनी (म्हणजे झाडाचा कापूर) लिहिलंय म्हणून आत तेच आहे असं समजू नका, लेबल वाचा. कापूर वास झाकतो, शोषून घेत नाही.

माझी खरी हरकत वेगळी आहे. घरात लहान मूल असेल तर कापूर हाताला लागेल असा ठेवूच नका. पांढरी वडी, खडीसाखरेसारखी दिसते, मूल तोंडात घालतं, आणि कापूर अगदी थोडा पोटात गेला तरी मुलांना झटके येऊ शकतात. असं झालं तर उलटी करवायला बसू नका, सरळ दवाखाना गाठा. डांबराच्या गोळ्याही तशाच धोक्याच्या. बाळाचे कपडे दोन्हीपासून लांब ठेवा.

प्रश्न: संध्याकाळी ऊद, गुग्गुळाचा धूप घालतो, घराची हवा शुद्ध होते ना?

मला स्वतःला निखाऱ्यावर टाकलेल्या उदाचा वास फार आवडतो, संध्याकाळ झाल्यासारखीच वाटत नाही त्याच्याशिवाय. ऊद, गुग्गुळ, राळ हे सगळे झाडांचे डिंक, चीक. पण धूर तो धूरच, त्यात बारीक कण असतात आणि ते छातीत जातात. डास थोडे कमी होतात, वास झाकला जातो, एवढंच म्हणा. घालायचा तर खिडकी उघडी ठेवून, दोन-चार मिनिटं, आणि घरात दमा असलेलं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर नको. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपाची धुरी देतात तीही बंद खोलीत देऊ नका, मोठ्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, बाळाची छाती लहान असते हो.

प्रश्न: फ्रिजमध्ये लिंबू कापून ठेवायचं की कोळसा?

कोळसा. लिंबाची फोड दोन दिवसांत सुकते आणि चौथ्या दिवशी तिलाच बुरशी. कोळशाला आतून असंख्य बारीक छिद्रं असतात आणि वासाचे रेणू तिथे चिकटून बसतात. नारळाच्या करवंटीपासून बनवलेला ॲक्टिव्हेटेड कोळसा सगळ्यात चांगला, त्याच्या एका ग्रॅमच्या आतली जागा पसरली तर हजार चौरस मीटरच्या घरात जाते म्हणजे हापूसच्या एका छोट्या बागेएवढी. घरी करवंटी जाळून केलेला किंवा इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा त्याच्या मानाने बराच कमी शोषतो पण शोषतो. वाटीत ठेवा, वर फडकं. महिन्याने बदला, उन्हात ठेवल्याने ओल उडते पण तो पूर्ण नव्यासारखा होत नाही, जुना कुंडीत टाका.

कॉफीचा आणि चहाचा चोथाही चालतो पण कडकडीत वाळवून, ओला ठेवला की बुरशी.

फणस आणि सुके मासे ही दोन प्रकरणं कोळशाच्या आवाक्याबाहेरची आहेत. सुकट, बोंबील, सोडे काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि फणसाचे गरे डब्यात, डबा परत पिशवीत.

प्रश्न: भांड्यांना अंड्याचा वास, प्लास्टिकच्या डब्याला लोणच्याचा वास.

अंड्याचं भांडं आधी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने अंडं शिजून भांड्याला चिकटतं आणि वास तिथेच बसतो. मग लिंबाची साल किंवा कोरडं बेसन चोळून नेहमीसारखं घासा. प्लास्टिक तेल आणि वास दोन्ही पिऊन घेतं, बेसन चोळा, धुवा, झाकण उघडं ठेवून दिवसभर उन्हात ठेवा. तरी आलाच तर त्या डब्यात आता खिळे-स्क्रू ठेवा आणि लोणच्याला काचेची बरणी आणा.

प्रश्न: बायोएन्झाइम कसं बनवायचं, आणि खरंच चालतं का?

प्रमाण एक-तीन-दहा. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबी-संत्र्याच्या साली, १ लिटर पाणी. प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको, आतमध्ये गॅस धरतो. वर चतुर्थांश जागा रिकामी. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, विसरलात तर बाटली फुगून टरारते. एकूण नव्वद दिवस, मग गाळून घ्यायचं. वास आंबट-फळांचा, रंग चहासारखा हवा. काळं पडलं आणि सडका वास आला तर थोडा गूळ घालून अजून महिनाभर ठेवा, तरी नाही सुधारलं तर फेकून द्या.

चालतं, पण त्याच्याबद्दल जे वाटेल ते सांगतात तेवढं नाही. त्यात मुख्य काम आंबवण्यात तयार झालेलं आम्ल करतं, म्हणजे घरचं व्हिनेगरच समजा, शिवाय सालीतलं थोडं तेल. एक वाटी बादलीभर पाण्यात टाकून टाइल्सची फरशी पुसायला, बाथरूमच्या भिंतींना, कचऱ्याच्या डब्याला मस्त. दवाखान्यातून आलेल्या माणसाची खोली जंतुमुक्त करायला त्याच्यावर विसंबू नका. आणि कडप्प्याचं वर सांगितलंय ते विसरू नका.

प्रश्न: बाथरूम रोज घासते तरी जाळीतून गटाराचा वास येतो.

ताई, घासण्यात तुमची काही चूक नाही. जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो, प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात कायम एक-दोन इंच पाणी साठून राहतं आणि ते पाणी म्हणजेच गटाराच्या वायूला लावलेलं झाकण. बाथरूम वापरात नसेल तर ते पाणी उडून जातं आणि पाइप थेट उघडा पडतो. एक तांब्या पाणी ओता, दहा मिनिटांत वास गेला तर कारण हेच होतं. मला हे कळायच्या आधी एका प्लंबरने सगळी फरशी फोडावी लागेल असं सांगितलं होतं, आठवडाभर झोप नव्हती, आणि उत्तर निघालं तांब्याभर पाणी.

पाणी ओतूनही वास राहिला तर जाळी उचलून बघा, आत केस आणि साबणाचा चिकट थर असतो, तो हातमोजा घालून काढा, मग नारळाच्या शेंडीने घासून बायोएन्झाइम न मिसळता ओता आणि रात्रभर ठेवा. त्या आधी दोन दिवस ब्लीच टाकलेलं नसावं.

प्रश्न: मुलांच्या शाळेच्या बुटांना भयंकर वास येतो.

आतला तळवा काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाने ओले काढून कोरडे घाला, रात्री परत. पायांसाठी चहा. अर्धा लिटर पाण्यात तीन चमचे चहापूड पंधरा मिनिटं उकळायची, गाळून, पाय बुडतील एवढं कोमट पाणी मिसळून वीस मिनिटं पाय ठेवायचे, आठवडाभर रोज. चहातलं टॅनिन त्वचेला जरा आकसतं आणि घाम कमी येतो. बोटांच्या बेचक्यात पांढरं, खाजरं झालं असेल तर ती चिखल्यांची तक्रार आहे, डॉक्टरांना दाखवा. शक्य असेल तर पावसाळ्यात बुटांचे दोन जोड.

प्रश्न: घामाच्या वासाला डिओशिवाय काय?

घामाला मुळात वास जवळजवळ नसतो, काखेतले जिवाणू त्याच्यावर काम करतात तेव्हा येतो. रोज नीट धुणं, कोरडं पुसणं, सुती कपडे. वाळा, नागरमोथा, आंबेहळद, संत्र्याची साल यांचं उटणं दिवाळीपुरतं कशाला, आठवड्यातून दोनदा लावा. काखेत लिंबू चोळायचा सल्ला सगळीकडे फिरतो, तो मात्र ऐकू नका, त्वचा झोंबते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काळे डाग आणि फोड येतात. मेथीने आणि लसणाने अंगाला वास येतो तो त्या खाण्याचाच, दोन दिवसांत जातो.

प्रश्न: आणि तोंडाचा वास? लसूण खाल्ल्यावर?

लसणाचा वास दातांतून कमी आणि रक्तातून फुप्फुसांवाटे जास्त येतो, म्हणून ब्रश करून जात नाही. कच्चं सफरचंद आणि पुदिन्याची पानं चावून खाल्ल्याने तो उतरतो असं ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलंय. म्हणजे लसणाच्या चटणीसोबत पुदिना ठेवणं शहाणपणाचं. एरवी बडीशेप, वेलची, लवंग आहेच. विड्याचं पान चालेल, पण सुपारी नको, सुपारीने कॅन्सर होतो हे आता सिद्ध झालेलं आहे. जीभ रोज घासा. आणि महिनाभर वास टिकून असेल तर हिरड्या किंवा दाढ बघून घ्या, वेलची खाऊन पुढे ढकलू नका.

प्रश्न: घरात स्नेक प्लांट, तुळस, मनी प्लांट ठेवले तर वास शोषले जातात का?

नाही जात. १९८९ मध्ये नासाने छोट्या बंद पेट्यांमध्ये प्रयोग केले होते, तिथून ही गोष्ट पसरली. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की साध्या खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून हवं असेल तर एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. झाडं ठेवा, मी पण ठेवलीत, डोळ्यांना बरं वाटतं. गवती चहाची कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत असेल तर पान चुरगळून हातात घ्यायला मिळतं. पण खिडकी उघडणारे आपणच.

प्रश्न: बाळाने गादी ओली केली, वास राहिलाय.

ताजं असताना कोरड्या फडक्याने दाबून दाबून टिपून घ्या, चोळू नका, आत जातं. एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, फडका भिजवून थोपटा, परत टिपा, आणि गादी उन्हात उभी करा. कापसाची गादी असेल तर दोन दिवस ऊन द्यावंच लागतं, पिंजारून घेतली तर उत्तमच.

प्रश्न: घरात मांजर आहे, टी ट्री किंवा निलगिरीचं तेल वापरू का?

नको. मांजराच्या यकृताला असली तेलं नीट पचवता येत नाहीत, ती अंग चाटते तेव्हा तेल पोटात जातं आणि विषबाधा होते. डिफ्युझरही नको. वाळूचा डबा रोज साफ करा, खाली वर्तमानपत्र, जवळ कोळशाची वाटी.

प्रश्न: असा कुठला वास आहे का जो घालवायचा प्रयत्नच करू नये?

हो. गॅसचा. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचा घाणेरड्या वासाचा पदार्थ घालतात. तो वास आला की धूप नाही, कापूर नाही, दिव्याचं बटण नाही, पंख्याचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, घराबाहेर येऊन १९०६ ला फोन. तसाच वायर जळाल्याचा वास, मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन. भिंतीतून सतत ओलीचा वास येत असेल तर आत पाइप झिरपत असू शकतो. उंदीर मेल्याचा वास आला तर उंदीरच शोधावा लागतो.

प्रश्न: आम्ही महिनाभर गावाला जातोय, परत आल्यावर घर कोंदट वास मारतं, आधी काय करून जाऊ?

फ्रिज रिकामा करून बंद, पुसून, दार चार बोटं उघडं राहील असा कापडाचा बोळा मध्ये, आत कोळशाची वाटी. कचऱ्याचा डबा धुऊन उन्हात. कांदे-बटाटे शेजारी देऊन टाका, एक कुजलेला बटाटा सगळं घर नासवतो. कपाटांची दारं किंचित उघडी. टॉवेल, पायपुसणी पूर्ण वाळवूनच घडी घाला. आणि सगळ्यात शेवटी, चपला घालायच्या आधी, बाथरूमच्या आणि बाल्कनीच्या प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी आणि त्याच्यावर दोन चमचे शेंगदाण्याचं तेल ओता. तेल पाण्यावर तरंगतं, पाणी उडू देत नाही आणि ट्रॅप महिनाभर भरलेला राहतो. खोबरेल नको, थंडीत ते थिजून जाळीला चिकटतं. सिंक आणि बेसिनलाही तसंच. आम्ही मे महिन्यात मालवणला जातो तेव्हा मी दाराला कुलूप लावायच्या आधी तेलाची वाटी घेऊन ही फेरी मारते, खाली रिक्षा उभी असते आणि नवरा हाका मारत असतो, पण ही फेरी झाल्याशिवाय मी निघत नाही.